खेळाच्या खात्याची किल्ली : सोय आणि सुरक्षितता यांचा मेळ

नवी मुंबई हे शहर नियोजनातून जन्मास आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडील गावांच्या परिसरात वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे अशी उपनगरे क्रमाक्रमाने उभी राहिली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याची एके काळची ओळख रासायनिक कारखान्यांची होती. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, तसेच पनवेल परिसरात, विदासाठ्याची मोठमोठी केंद्रे उभी आहेत. बँकांचे व्यवहार, कंपन्यांची दप्तरे, चित्रपट, संगीत आणि ऑनलाइन खेळ अशा अनेक सेवांचा भार अशी केंद्रे वाहतात. अशा इमारतीत यंत्रापर्यंत पोचण्यापूर्वी माणसाला ओळखपत्र, पहारा आणि कुलूपबंद दालन असे एकाहून अधिक टप्पे पार करावे लागतात.

परंतु त्याच शहरातील एखाद्या घरात सातवीत शिकणारा मुलगा वडिलांच्या मोबाईलवर खेळाचे खाते उघडतो, तेव्हा त्याचा संकेतशब्द बहुधा स्वतःचे नाव आणि जन्मवर्ष इतकाच असतो. एकीकडे लोखंडी दरवाजे आणि दुसरीकडे ही सुतळीची गाठ! खात्यात शिरू पाहणारा चोर लोखंडी दरवाजाकडे फिरकत नाही. तो सुतळीची गाठ सोडवतो. म्हणून या गाठीचा विचार करणे अगत्याचे आहे.

खात्यात असते तरी काय?

“खेळाचेच खाते, गेले तर गेले” असा समज पालकांत आणि कित्येकदा शिक्षकांतही आढळतो. तो तीन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण असे की, या खात्याला मोल असते. दोन-तीन वर्षे खेळून मिळवलेली पातळी, पैसे देऊन घेतलेले पोशाख व शस्त्रे आणि खेळातील आभासी नाणी यांना खेळाडूंच्या जगात मागणी असते. खाती चोरून विकणे हा त्यामुळेच जगभर एक धंदा झाला आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. खेळाचे खाते क्वचितच एकटे असते. ते ई-मेलला जोडलेले असते, ई-मेल मोबाईल क्रमांकाला आणि मोबाईल क्रमांक बँक खात्याला जोडलेला असतो. एक संकेतशब्द सर्वत्र वापरण्याची सवय असेल, तर सर्वांत दुबळ्या कडीतून संपूर्ण साखळी हाती लागते.

तिसरे कारण असे की, खेळात गप्पागोष्टींची सोय असते. मुलाच्या खात्यात शिरलेला इसम त्याच्या नावाने त्याच्या मित्रांशी बोलू शकतो, त्यांच्याकडे पैसे किंवा छायाचित्रे मागू शकतो. येथे प्रश्न केवळ मालमत्तेचा राहत नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा होतो.

प्रवेशाच्या चार वाटा

खेळात प्रवेश करण्याच्या सामान्यतः चार रीती आहेत. प्रत्येकीत सोय आणि धोका यांचे प्रमाण निराळे आहे.

पहिली रीत पाहुणा म्हणून प्रवेश करण्याची. यात नाव, क्रमांक, संकेतशब्द काहीच द्यावे लागत नाही. सोय पुरेपूर असते. परंतु खेळाची प्रगती बहुधा त्या एका मोबाईलशीच बांधलेली राहते. मोबाईल हरवला, बिघडला अथवा त्यातील सर्व माहिती पुसली गेली, की खाते परत मिळवण्यास आधार उरत नाही. चार दिवस खेळून पाहण्यास ही रीत ठीक आहे. पैसे खर्च करावयाचे असतील तर ती मुळीच योग्य नाही.

दुसरी रीत गुगल, फेसबुक किंवा ॲपल यांच्या खात्यावरून प्रवेश करण्याची. नवा संकेतशब्द पाठ करावा लागत नाही आणि खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या हाती मूळ संकेतशब्दही जात नाही. हा मोठा लाभ आहे. मात्र सर्व दारांना एकच किल्ली लागू होते. ती किल्ली गेली की सर्व दारे उघडी. म्हणून ही रीत अवलंबणाऱ्याने मूळ खात्याचा बंदोबस्त सर्वाधिक कडेकोट केला पाहिजे.

तिसरी रीत खेळासाठी स्वतंत्र संकेतशब्द ठेवण्याची. तो खरोखर स्वतंत्र असेल तर नुकसान त्या एका खात्यापुरते मर्यादित राहते. अडचण स्मरणाची असते. संकेतशब्द जपून ठेवणारे विश्वासू ॲप किंवा मोबाईलमधील तशी अंगभूत सोय वापरल्यास ही अडचण दूर होते.

चौथी रीत नवी असून तिला पासकी म्हणतात. हिच्यात संकेतशब्दच नसतो. मोबाईलमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते व ती कंपनीकडे जात नाही. कंपनीकडे फक्त तिची जोडकिल्ली राहते. तिने दार उघडत नाही, किल्ली खरी आहे एवढेच पडताळता येते. बोटाचा ठसा, चेहरा किंवा मोबाईलचा पिन देऊन प्रवेश करता येतो. ही किल्ली मूळ संकेतस्थळाशीच बांधलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालत नाही. ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मे २०२२ मध्ये या पद्धतीचा विस्तार करण्याची घोषणा केली आणि सोनी कंपनीने २०२४ मध्ये प्लेस्टेशनच्या खात्यांसाठी ती उपलब्ध करून दिली. सोय आणि सुरक्षितता एकाच दिशेने जाऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

एका खिडकीची गोष्ट

सोयीतून धोका कसा निर्माण होतो, हे २०२१ मधील एका घडामोडीवरून स्पष्ट होते. भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईल या खेळावर बंदी आली. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा खेळ सुरू झाला. अनेक खेळाडू त्यात फेसबुकच्या खात्यावरून प्रवेश करीत. ज्यांच्या मोबाईलमध्ये फेसबुकचे ॲप नव्हते त्यांच्यासाठी खेळाच्या आतच एक छोटी खिडकी उघडे आणि तेथे संकेतशब्द टाकला की काम होई.

५ ऑक्टोबर २०२१ पासून फेसबुकने अँड्रॉइड मोबाईलवरील अशा अंतर्गत खिडकीतून होणारा प्रवेश बंद केला. गुगलने असाच मार्ग पूर्वीच अवलंबिला होता. ज्यांच्याकडे फेसबुकचे ॲप नव्हते, त्या खेळाडूंना ते ॲप घेणे अथवा अन्य मार्गाने प्रवेश करणे भाग पडले. हा निर्णय वरकरणी गैरसोयीचा होता, परंतु त्यामागील कारण विचारात घेण्यासारखे आहे.

ॲपच्या आत उघडणाऱ्या खिडकीत पत्त्याची ओळ बहुधा दिसत नाही, त्यामुळे ते पान खरोखर फेसबुकचे आहे किंवा नाही, हे पाहणाऱ्याला कळत नाही. शिवाय ती खिडकी ज्या ॲपच्या ताब्यात असते, त्या ॲपला तेथे टंकलेली अक्षरे वाचता येणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. प्रामाणिक कंपनी तसे करणार नाही. परंतु “फुकट नाणी मिळवा” असे आमिष दाखविणारे बनावट ॲप नेमके हेच करते. खऱ्या खेळातील खिडकीत संकेतशब्द टाकण्याची सवय लागलेला मुलगा खोट्या ॲपमधील खिडकीतही तो निःशंकपणे टाकतो. खिडकी बंद करण्याचा हेतू ही सवय मोडण्याचाही होता, असे म्हणता येईल.

जगाचा अनुभव

एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर घाला पडला. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ही सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. येथे खेळाडूंचा काहीच दोष नव्हता. परंतु ज्यांनी तोच संकेतशब्द ई-मेललाही ठेवला होता, त्यांचा धोका दुप्पट झाला. एका ठिकाणी फुटलेले संकेतशब्द यंत्राच्या साह्याने इतर शेकडो ठिकाणी लावून पाहणे, ही चोरांची नित्याची पद्धत आहे.

स्टीम ही खेळांची सेवा चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले की, दरमहा सुमारे ७७ हजार खाती चोरीस जात होती. कंपनीने त्यावर योजलेला उपाय अभ्यासनीय आहे. मोबाईलवरील पडताळणी सुरू करणाऱ्यास खेळातील वस्तूंची देवघेव तत्काळ करता येई. जो ती करीत नसे त्याची देवघेव काही दिवस रोखून धरली जाई, म्हणजे चोरी लक्षात येण्यास अवधी मिळे. जादा पडताळणी ज्याला नको, त्याने जादा वेळ द्यावा, असा हा तोल होता.

सक्तीपेक्षा प्रोत्साहनाचा मार्गही अवलंबिला गेला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाच्या कंपनीने २००८ मध्ये क्षणोक्षणी नवा आकडा दाखविणारे किल्लीएवढे साधन खेळाडूंना विकत उपलब्ध करून दिले. फोर्टनाइट या खेळाने २०१८ मध्ये द्विस्तरीय पडताळणी सुरू करणाऱ्यांना खेळातील एक नृत्यप्रकार विनामूल्य दिला. उपदेशाने न होणारे काम छोट्या बक्षिसाने साधते, हे शिक्षकांना नव्याने सांगावयास नको.

संकेतशब्दाचे गणित

जन्मतारीख हा संकेतशब्द दुबळा का, हे वर्गात सहज शिकविता येते. साठ वर्षांतील सर्व तारखा मोजल्या तरी त्या २२ हजारांच्या आत भरतात. यंत्राला इतक्या तारखा तपासण्यास क्षणभर पुरतो. याउलट यदृच्छेने निवडलेल्या आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या २० हजार ८०० कोटींहून अधिक होतात. दोन हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडले, तर १६ लाख कोटी जुळण्या होतात आणि ते चार शब्द लक्षात ठेवणेही तुलनेने सोपे जाते. मात्र शब्द खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडावेत. म्हण, गाण्याची ओळ किंवा देवाचे नाव घेतल्यास हे गणित कोसळते.

संकेतशब्द दरमहा बदलण्याचा जुना नियमही आता मागे पडला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल करू नये, अशी शिफारस केली. सक्ती केली की माणसे शेवटचा आकडा एकाने वाढवितात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. संकेतशब्द फुटल्याचा संशय येताच मात्र तो तात्काळ बदलला पाहिजे.

रिझर्व्ह बँकेचा धडा

सोय आणि सुरक्षितता यांचा मेळ घालण्याचे उत्तम भारतीय उदाहरण मुंबईतील रिझर्व्ह बँकेच्या धोरणात सापडते. ऑनलाइन कार्डव्यवहारांसाठी जादा पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक झाली. पुढे २०१५ मध्ये कार्ड यंत्राला केवळ टेकवून होणाऱ्या २ हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना पिनची सूट मिळाली. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५ हजार रुपये करण्यात आली. तत्त्व सरळ आहे : धोका लहान तेथे सोय अधिक, धोका मोठा तेथे पडताळणी अधिक.

हेच तत्त्व खेळाच्या खात्याला लावता येते. रोजच्या मोबाईलवर रोज खेळताना पुन्हा पुन्हा संकेतशब्द मागण्याची आवश्यकता नाही. त्या मोबाईललाच पिन किंवा ठशाचे कुलूप असले म्हणजे पुरे. परंतु नव्या यंत्रावरून प्रवेश, संकेतशब्द किंवा ई-मेल बदलणे, पैसे खर्च करणे आणि मौल्यवान वस्तू दुसऱ्यास देणे या चार प्रसंगी दुसरी पडताळणी झालीच पाहिजे. दिवसातून दहा वेळा अडविणारा पहारेकरी लोकांना नकोसा होतो आणि ते मागचे दार शोधतात. योग्य प्रसंगी अडविणारा पहारेकरी मात्र सर्वांस हवा असतो.

दुसऱ्या पडताळणीचेही प्रकार आहेत. मोबाईलवर संदेशाने येणारा ओटीपी मुळीच काही नसण्यापेक्षा निश्चित चांगला असतो. परंतु तो बोलण्यात गुंतवून काढून घेता येतो. दर तीस सेकंदांनी नवा आकडा दाखविणारे ॲप अधिक बरे, कारण ते मोबाईल क्रमांकावर अवलंबून नसते व नेटवर्क नसतानाही चालते. पासकी त्याहून बरी. कोणतीही रीत निवडली तरी कंपनीने दिलेले राखीव संकेतांक कागदावर लिहून शिधापत्रिकेजवळ ठेवावेत. मोबाईल हरवल्यावर तेच उपयोगी पडतात.

घरातील आणि गावातील अडचणी

शहरी सल्ला बहुधा एका माणसाचा एक मोबाईल असे गृहीत धरतो. कित्येक घरांत एकच मोबाईल तिघे-चौघे वापरतात. अशा ठिकाणी बँकेच्या ॲपला स्वतंत्र कुलूप लावणे, खरेदीपूर्वी दर वेळी पडताळणी मागण्याची मांडणी करणे आणि मुलाच्या खेळाला वेगळा ई-मेल जोडणे, एवढे तरी करता येते.

दुसरी अडचण सिमकार्डाची आहे. रिचार्ज न केल्याने क्रमांक बंद पडतो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. त्यानंतर त्या क्रमांकाचे ओटीपी नव्या मालकाकडे जातात. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी तो प्रत्येक खात्यातून काढून घेणे आवश्यक आहे. जुना मोबाईल विकतानाही खात्यांतून बाहेर पडून सर्व माहिती पुसावी. शाळेच्या संगणक कक्षात किंवा सायबर कॅफेत “मला लक्षात ठेवा” या चौकटीवर खूण करू नये.

आमिषे ओळखण्याचा नियम एकच आहे. फुकट नाणी, पोशाख किंवा पातळी देण्याच्या बदल्यात जो संकेतशब्द अथवा ओटीपी मागतो, तो चोर समजावा. मित्राला पातळी वाढवून देण्यासाठी खाते देणे हीदेखील किल्ली देण्याचीच गोष्ट होय.

कायदा आणि दाद

दुसऱ्याचा संकेतशब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली असून ई-क्रीडा प्रकारांना मान्यता दिली आहे.

खाते चोरीस गेल्यास क्रम असा असावा. प्रथम ई-मेलचा संकेतशब्द बदलावा व अन्य यंत्रांवरील प्रवेश बंद करावा. नंतर खेळाच्या कंपनीच्या अधिकृत साहाय्य विभागाकडे खरेदीच्या पावत्यांसह अर्ज करावा. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वीच ती गोठविता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर, तसेच नजीकच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. नवी मुंबईत महापे येथे महाराष्ट्र सायबर विभागाचे मुख्यालय असून राज्याचा १९४५ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे. “खेळात पैसे गेले” हे सांगण्यास मूल घाबरते. रागावण्यात गेलेला एक तास तक्रारीतून कमी होतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

सवयीचे शिक्षण

हा विषय केवळ खेळापुरता नाही. आपल्या खात्याची किल्ली कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, याचा पहिला धडा आजचे मूल खेळाच्या खात्यातच गिरवते. मित्राला संकेतशब्द सांगणे ज्याला गैर वाटत नाही, तोच उद्या कार्यालयात आपला संकेतशब्द टेबलावर चिकटवून ठेवतो. ग्रामपंचायतीची देयके आज ई-ग्रामस्वराज प्रणालीतून डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. ही स्वाक्षरी सरपंचाने अथवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सोयीसाठी संगणकचालकाकडे ठेवून दिली, तर ती कोऱ्या धनादेशावर सही करून दिल्यासारखीच होय. तेथे जाणारा पैसा खेळातील नाण्यांचा नसतो. तो गावाच्या पाणीपुरवठ्याचा आणि रस्त्याचा असतो.

म्हणून शाळांनी संगणकाच्या तासाला खेळाच्याच खात्याचे उदाहरण घ्यावे. मुलांना ते आपले वाटते. पालकसभेत अर्धा तास देऊन प्रत्येक पालकाच्या मोबाईलवर ई-मेलची द्विस्तरीय पडताळणी सुरू करून द्यावी. ग्रामसभेत १९३० हा क्रमांक फलकावर लावावा. कार्यालयप्रमुखांनी आपली किल्ली आपल्याच खिशात ठेवून उदाहरण घालून द्यावे.

दार सदैव बंद ठेवले तर घरात राहता येत नाही आणि सदैव उघडे ठेवले तर घर आपले राहत नाही. कोणते दार केव्हा लावावे, याचा विवेक शिकवणे हे घर, शाळा आणि ग्रामपंचायत या तिघांचेही काम आहे.